कीटकनाशकातले ‘इनर्ट’ घटक: पिकांवरची आणि जनावरांवरची औषधं, नियम काय, अर्थ काय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी एक गोष्ट. ‘इनर्ट’ हा शब्द अमेरिकेच्या कायद्यातला आहे, त्यामुळे खाली जे नियम येतील ते तिथलेच, म्हणजे त्यांची पर्यावरण संरक्षण एजन्सी, सगळे जिला इपीए म्हणतात, तिचे. युरोपचा उल्लेख जिथे फरक कळायला हवा तिथेच केलाय. प्रश्न नेहमी येतात तेच घेतलेत, पण उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही गोष्टी एका ओळीत संपतात आणि काहींना खरंच जागा लागते.

इनर्ट घटक म्हणजे नक्की काय?

बाटलीत जो पदार्थ कीड मारतो, पळवतो किंवा रोखतो तो सक्रिय घटक. त्याच बाटलीत कंपनीने मुद्दाम घातलेलं बाकी सगळं इनर्ट. बस, व्याख्या एवढीच आहे. पाणी, तेल, सॉल्व्हंट (म्हणजे दुसरा पदार्थ विरघळवणारं द्रव), साबणासारखे पदार्थ, माती, रंग, वास, घट्टपणा आणणारा गोंद, बाटलीत बुरशी येऊ नये म्हणून टाकलेलं प्रिझर्व्हेटिव्ह, सगळं त्यात आलं. बऱ्याच औषधांत हाच भाग वजनाने जास्त असतो.

मग इनर्ट म्हणजे निरुपद्रवी ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की इथे थांबून बोलायलाच हवं. मराठीत आपण ‘निष्क्रिय’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीच न करणारं, म्हणजे पाण्यासारखं काहीतरी. पण कायद्यात हा शब्द फक्त ‘किडीविरुद्ध काम करतो असा दावा ज्याच्यासाठी केलेला नाही’ एवढंच सांगतो, माणसाला, गाईला, माशाला, मधमाशीला त्याने काय होतं याबद्दल तो शब्द एक अक्षर बोलत नाही. इनर्टमध्ये मक्याचं पीठ पण येतं आणि झायलीनसारखं सॉल्व्हंट पण येतं. इपीएला स्वतःलाही हे पटलं होतं, म्हणून १९९७ मध्ये त्यांनी कंपन्यांना सुचवलं की लेबलवर ‘इनर्ट घटक’ ऐवजी ‘इतर घटक’ लिहा, लोकांचा गोंधळ होतोय. ती फक्त सूचना होती, सक्ती नव्हती, त्यामुळे दोन्ही शब्द अजून दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द लेबलवरून पूर्णच जायला हवा होता.

एवढं सगळं औषधात घालतात तरी कशाला?

कारण सक्रिय घटक एकटा शेतात काही कामाचा नसतो. बरेचसे पाण्यात विरघळतच नाहीत. म्हणून ते आधी तेलकट सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचे, त्यात इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, टाकायचा, मग टाकीत पाण्याबरोबर दुधासारखं पांढरं मिश्रण होतं, हे झालं ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं तेलकट औषध. पावडर असेल तर केओलिनसारखी माती वाहक म्हणून. एससी, म्हणजे बारीक कण द्रवात तरंगत ठेवलेलं औषध, असेल तर कण तळाला बसू नयेत म्हणून झॅन्थन गम, थंडीत गोठू नये म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल, फेस होऊ नये म्हणून सिलिकॉन. पानावर थेंब गोल होऊन घरंगळतो, तो पसरावा म्हणून सरफॅक्टंट. बियाण्याच्या औषधात रंग, म्हणजे ते बी चुकून कोणी खाण्यात घेऊ नये. जनावराच्या औषधात असा पदार्थ जो कातडीवरून अंगभर पसरवेल आणि केसांना धरून राहील.

आणि इथेच मेख आहे. बऱ्याच सरफॅक्टंटचं काम थेंब पसरवण्याबरोबर पानाच्या मेणातून औषध आत न्यायचंही असतं. जो पदार्थ पानाची कातडी भेदायला मदत करतो तो माणसाच्या कातडीशी किंवा माशाच्या कल्ल्यांशी काय करतो, हे विचारणं अगदी साधं आणि रास्त आहे.

एकच केमिकल एका बाटलीत सक्रिय आणि दुसरीत इनर्ट, असं होतं का?

होतं, अगदी कायदेशीरपणे. आयसोप्रोपिल अल्कोहोल जंतुनाशकात सक्रिय घटक असतं आणि दुसऱ्या औषधात फक्त सॉल्व्हंट म्हणून इनर्ट. नॅफ्थलीन म्हणजे डांबरगोळ्यांतलं तेच, तिथे सक्रिय, आणि ईसी औषधांत जे जड पेट्रोलियम सॉल्व्हंट वापरतात त्यात ते आपोआप थोडंफार असतं. रेणू तोच, विषारीपणा तोच, फक्त कागदावरचा रकाना बदलतो.

याच्या उलटही बघा. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड स्वतः किडे फारसे मारत नाही, पायरेथ्रिनसारख्या औषधाची ताकद वाढवतं, तरी अमेरिकेत ते सक्रिय घटकातच मोजतात. पण गव्हाच्या तणनाशकात क्लोक्विंटोसेट-मेक्सिल नावाचा ‘सेफनर’ असतो, म्हणजे तण मरावं पण गहू जळू नये म्हणून पिकाला सांभाळणारा पदार्थ, तो पिकाच्या आत जाऊन जैविक काम करतो आणि तरीही इनर्टमध्ये येतो. फक्त अशा सेफनरना मोकळी सूट मिळालेली नाही, त्यांना धान्यात किती राहिलेलं चालेल याची आकड्यात मर्यादा दिलेली आहे, आणि ते योग्यच झालं.

कोणता कायदा लागू होतो?

दोन कायदे एकत्र बघावे लागतात. पहिला फिफ्रा, म्हणजे कीटकनाशकांचा मुख्य कायदा, १९४७ चा, १९७२ मध्ये जवळजवळ नव्याने लिहिला. औषधाची नोंदणी, लेबल, वापर सगळं यात. दुसरा अन्न-औषध-सौंदर्यप्रसाधन कायदा, त्याचं कलम ४०८, जे खाण्यात उरणाऱ्या अवशेषांबद्दल आहे. महत्त्वाचं म्हणजे या कलमासाठी ‘कीटकनाशक रसायन’ यात इनर्ट पण येतात. म्हणजे पिकावर किंवा दुधाच्या-मांसाच्या जनावरावर जाणाऱ्या औषधातल्या प्रत्येक इनर्टसाठी एकतर टॉलरन्स, म्हणजे अन्नात किती उरलेलं चालेल याची मर्यादा, हवा नाहीतर टॉलरन्समधून सूट हवी. दोन्ही नसेल आणि तो पदार्थ अन्नात सापडला तर ते अन्न कायद्याने भेसळयुक्त ठरतं.

१९९६ मध्ये अन्न गुणवत्ता संरक्षण कायदा आला आणि निकष कडक झाला: ‘नुकसान होणार नाही याची वाजवी खात्री’ पाहिजे. नुसतं एका पिकातून किती पोटात जातं एवढं बघून भागत नाही, सगळं अन्न, पिण्याचं पाणी, घरातला वापर असं एकत्र धरायचं. लहान मुलांसाठी आणखी दहापट सुरक्षेचं अंतर ठेवायचं, ते कमी करायचं असेल तर त्यासाठी भरवशाचा डेटा दाखवायचा.

टॉलरन्स आणि सूट यात फरक काय? सूट म्हणजे तपासलंच नाही असं का?

टॉलरन्स म्हणजे आकडा, की अमुक पदार्थ गव्हात इतका पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) चालेल. सूट म्हणजे आकडा ठरवायची गरज नाही असं इपीएने तपासून ठरवलं. बहुतेक इनर्ट सुटीवरच चालतात. आता ‘सूट’ शब्द ऐकून लोकांना वाटतं की मोकळं सोडलं, तसं नाही, सूट देताना पण तोच ‘वाजवी खात्री’चा निकष लागतो. पण हेही खरं की आकडा नसला की बाजारातल्या मालात तो पदार्थ मोजायला कोणी जात नाही, कारण कशाशी तुलना करणार. म्हणून सुटीबरोबर येणाऱ्या अटी नीट वाचाव्यात. काही नोंदींपुढे लिहिलेलं असतं की औषधात वजनाने अमुक टक्क्यांच्या वर नको, फक्त बीजप्रक्रियेत वापरा, किंवा पीक जमिनीतून वर यायच्या आत वापरा. सगळा खेळ त्या अटीत असतो आणि यादीत नाव दिसलं की लोक खूश होऊन पुढे वाचतच नाहीत.

१८०.९१०, १८०.९२०, १८०.९३० हे आकडे सारखे दिसतात, त्यांचं काय?

हे नियमावलीच्या ४० व्या खंडातल्या भाग १८० चे पोटभाग आहेत. पूर्वी सगळं १८०.१००१ या एकाच मोठ्या कलमात होतं, २००४ मध्ये ते फोडून वेगळं केलं.

१८०.९१० म्हणजे पीक शेतात असताना आणि काढणीनंतरही वापरता येणारे इनर्ट. काढणीनंतर म्हणजे गोदामात, पॅकिंगच्या आधी, फळांवर मेण चढवताना वगैरे. यातला निकष जड, कारण काढणीनंतर लावलेलं धुऊन जायला ना पाऊस ना ऊन.

१८०.९२० म्हणजे फक्त उभ्या पिकावर. एखादा सरफॅक्टंट ९२० मध्ये असेल आणि ९१० मध्ये नसेल तर तो काढणीनंतरच्या औषधात घालता येत नाही, इतकं सरळ.

१८०.९३० म्हणजे जनावरांच्या अंगावर लावायच्या औषधातले इनर्ट. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

याशिवाय १८०.९४० आहे, अन्नाला लागणाऱ्या भांड्या-टेबलांच्या जंतुनाशकासाठी. १८०.९५० आहे, अगदी कमी धोक्याच्या वस्तूंसाठी, म्हणजे रोजच्या खाण्यातल्या वस्तू, पशुखाद्य, खाद्यतेलं. आणि १८०.९६० पॉलिमरसाठी, म्हणजे लहान रेणू साखळीसारखे जोडून बनलेल्या मोठ्या रेणूंसाठी. ९५० बद्दल एक छान बारकावा सांगतो: शेंगदाणे, दूध, सोयाबीन, अंडी, मासे, गहू अशा ॲलर्जी करणाऱ्या गोष्टी खाण्याच्या असल्या तरी त्यांना सरसकट मोकळीक नाही, त्यांच्यासाठी १८०.१०७१ मध्ये वेगळ्या अटी आहेत. कारण फळावर शेंगदाण्याचं काही फवारलं आणि ॲलर्जी असलेल्या मुलाने ते फळ खाल्लं तर? हा विचार नियमात झालाय हे वाचून मला बरं वाटलं होतं.

पिकासाठी मंजूर इनर्ट जनावरासाठी आपोआप चालतो का?

नाही. ९१० किंवा ९२० मध्ये नाव आहे म्हणून गाईच्या पाठीवर ओतायच्या औषधात घालता येत नाही, त्याला ९३० मध्ये वेगळी जागा मिळावी लागते.

कारण समजून घ्या. पानावर पडलेलं औषध उन्हाने, पावसाने कमी होत जातं. जनावर मात्र जिवंत अंग आहे. कातडीतून पदार्थ रक्तात जाऊ शकतो, जनावर स्वतःला आणि एकमेकांना चाटतं म्हणजे तो पोटातही जातो, तिथून दुधात, मांसात, अंड्यात जाऊ शकतो. तेलात विरघळणारा पदार्थ असेल तर चरबीत साठतो आणि दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बाहेर पडतो. शिवाय वासरू आईला लुचतं, आचळाला लागलेलं थेट त्याच्या तोंडात. त्यामुळे गोठ्यातल्या वापराचं गणित वेगळंच मांडावं लागतं: पाठीवर ओतायचं औषध, डिप म्हणजे हौदात बुडवून काढणं, फवारा, धुरळणीची पिशवी, कानातला टॅग, प्रत्येकात अंगावर किती राहतं ते वेगळं.

आणि जनावराला इनर्ट फक्त अंगावरूनच मिळतात असं पण नाही, चाऱ्यातून मिळतात. फवारलेल्या मक्याचं वैरण झालं, ते गाईने खाल्लं, पुढे दूध. म्हणून पिकावरच्या इनर्टचं मूल्यमापन करतानाही दूध-मांसात काय उतरतं ते धरावं लागतं. पीक आणि जनावर हे कागदावर वेगवेगळे पोटभाग आहेत, ताटात ते एकत्रच येतात.

जनावरांचं प्रत्येक औषध इपीएकडेच येतं का?

नाही, यात बराच गोंधळ होतो. जे औषध कातडीवरच राहून गोचीड, पिसवा, माश्या मारतं ते इपीएकडे. जे अंगात शोषलं जाऊन रक्तातून काम करतं ते जनावराचं औषध म्हणून अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे. उदाहरण घ्या: पाठीवर ओतायचं पर्मेथ्रिन इपीएकडे, आणि तसंच पाठीवर ओतायचं आयव्हरमेक्टिन एफडीएकडे. दोन्ही ओतायची पद्धत सारखीच दिसते पण फाइल वेगळ्या ऑफिसात. त्यामुळे एखाद्या बाटलीतल्या ‘इतर घटकां’बद्दल विचारायचं असेल तर आधी लेबलवर इपीएचा नोंदणी क्रमांक आहे का बघा, नाहीतर चुकीच्या दारात उभे राहाल.

मांसात, दुधात अवशेष प्रत्यक्ष तपासायचं काम मात्र इपीए करत नाही. मर्यादा इपीए ठरवते, मांस, कोंबडी आणि प्रक्रिया केलेली अंडी कृषी खातं बघतं, बाकी बहुतेक अन्न एफडीए.

कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायच्या थेंबांचं काय?

कुत्रा-मांजर खाण्यात येत नाही म्हणून टॉलरन्सचा प्रश्न तिथे येत नाही, तिथले इनर्ट बिगर-अन्न वापराच्या यादीतून चालतात. पण मूल्यमापन होतं, कारण मुलं कुत्र्याला मिठी मारतात, हात तोंडात घालतात, हे सगळं ‘घरातला संपर्क’ म्हणून धरलं जातं.

मांजराबद्दल मात्र कळकळीने सांगतो. मांजराचं यकृत काही पदार्थ निपटवण्यात मुळातच कमी पडतं, ग्लुकुरोनिडेशन नावाची जी प्रक्रिया कुत्र्यात नीट चालते ती मांजरात फार कमकुवत असते. कुत्र्याचं पर्मेथ्रिन मांजराला लावलं तर झटके येऊन मांजर मरू शकतं, हे तर सक्रिय घटकाचं झालं, पण फिनॉलसारखे पदार्थ, बेन्झिल अल्कोहोल, काही सुगंधी तेलं यांच्या बाबतीतही मांजर असंच नाजूक आहे, आणि हे पदार्थ बाटलीत असतील तर ‘इतर घटक’मध्ये, नावाशिवाय. मांजर स्वतःला चाटून साफ करतं, म्हणजे अंगावर टाकलेलं सगळं शेवटी तोंडात. २००९ मध्ये अशा थेंबांच्या औषधांबद्दल तक्रारी वाढल्या म्हणून इपीएने खास तपासणी सुरू केली आणि २०१० मध्ये लेबल जास्त स्पष्ट करायचं जाहीर केलं. तेव्हा कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजराला, हे कधीही नको.

लेबलवर नावं का नसतात?

कारण फिफ्रा फक्त सक्रिय घटकाचं नाव आणि टक्के मागतो, बाकीच्यांची एकत्र टक्केवारी दिली की झालं. समजा लेबलवर लिहिलंय ‘इतर घटक ८१ टक्के’, तर त्या ८१ मध्ये पाणी किती आणि सॉल्व्हंट किती हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. कंपनी इपीएला मात्र सगळं सांगते, फॉर्म्युल्याचं गोपनीय निवेदन म्हणून एक फॉर्म असतो त्यात प्रत्येक घटक, त्याचं प्रमाण आणि वरची-खालची मर्यादा भरावी लागते. म्हणजे सरकारला माहीत असतं, वापरणाऱ्याला नसतं. इनर्टची ओळख आणि प्रमाण हे फिफ्राच्या कलम १० खाली व्यापारी गुपितात धरलं जातं. १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की सगळ्या इनर्टना सरसकट गुपित म्हणता येणार नाही, प्रत्येकाचं गुपित का आहे ते दाखवावं लागेल. पण त्याने लेबल काही बदललं नाही.

काही अपवाद आहेत. धोका वाटला तर इपीए एखाद्या इनर्टचं नाव लेबलवर टाकायला लावू शकते. पेट्रोलियम डिस्टिलेट किंवा झायलीन १० टक्के किंवा जास्त असेल तर तसं लिहावं लागतं. हे का ते डॉक्टर लगेच सांगतील: असं औषध कोणी गिळलं आणि उलटी काढायला लावली तर ते फुप्फुसात जाऊन जास्त नुकसान करतं. एका इनर्टचं नाव कळल्याने उपचाराची दिशा बदलते, याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि ज्या ‘किमान धोका’ औषधांना नोंदणीच लागत नाही, फिफ्राच्या २५(ब) वाली, त्यांना मात्र सगळ्या इनर्टची नावं लिहावी लागतात. म्हणजे कमी धोक्याच्या बाटलीवर पूर्ण यादी आणि जास्त धोक्याच्या बाटलीवर एक टक्केवारी. हे उलटं आहे आणि मला ते आजही पटत नाही.

यादी उघडी करायचा प्रयत्न कधी झालाच नाही का?

झाला ना. २००६ मध्ये काही राज्यांचे ॲटर्नी जनरल आणि पर्यावरण संघटनांनी अर्ज केला की ३७१ इनर्ट असे आहेत जे दुसऱ्या कायद्यांखाली आधीच धोकादायक ठरलेत, त्यांची नावं तरी लेबलवर टाका. डिसेंबर २००९ मध्ये इपीएने नियम करायच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं, लोकांच्या सूचना मागवल्या, आणि २०१४ मध्ये तो मार्ग सोडून दिला. त्याऐवजी म्हणाले की जे इनर्ट आता कुठल्याच औषधात नाहीत ते यादीतून काढू. डिसेंबर २०१६ मध्ये ७२ पदार्थ काढले, त्यात टर्पेंटाइन तेल, नायट्रस ऑक्साइड अशी नावं होती. काढले ते चांगलंच, आता परत घालायचे तर नव्याने डेटा द्यावा लागेल. पण जे वापरातच नव्हते ते काढून जे वापरात आहेत त्यांच्याबद्दल लोकांना काय कळलं? काहीच नाही.

जुन्या लेखांत ‘लिस्ट १, २, ३, ४’ वाचलं, ते अजून चालतं का?

इपीए आता त्या याद्या सांभाळत नाही. १९८७ मध्ये त्यांनी तेव्हाच्या साधारण १२०० इनर्टची वाटणी केली होती: १ म्हणजे विषारीपणाची काळजी, २ म्हणजे विषारी असू शकतात, आधी तपासा, ३ म्हणजे माहितीच नाही, ४ म्हणजे कमी काळजी. सगळ्यात मोठा गठ्ठा तिसऱ्या यादीत होता, आणि ते पदार्थ शेतात रोज वापरले जात होते. पहिल्या यादीतल्यांना लेबलवर ‘विषारी इनर्ट घटक’ असं नावासकट लिहायची सक्ती आली आणि मग कंपन्यांनी ते पदार्थ भराभर सोडून दिले. नाव छापायला लावलं की फॉर्म्युला बदलतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पुढे १९९६ च्या कायद्याने जुन्या सगळ्या सुटी ऑगस्ट २००६ पर्यंत परत तपासायला लावल्या आणि त्या झाल्यावर याद्यांचं काम संपलं.

फक्त सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय नियमांत २००४ मधली ‘लिस्ट ४’ अडकून राहिली, म्हणून सेंद्रियवाल्यांच्या बोलण्यात ती अजून येते.

नवीन इनर्ट मंजूर कसा होतो?

कंपनी अर्ज करते, सोबत विषारीपणाचा डेटा, अवशेषांचा डेटा, पाणी-मातीत काय होतं त्याचा डेटा, आणि फी. अर्ज आल्याचं फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारच्या राजपत्रात, छापतात, कोणीही सूचना देऊ शकतं. इपीए धोका मोजते आणि पटलं तर अटींसकट सूट देते. त्यानंतर ६० दिवसांत कोणीही लेखी आक्षेप घेऊ शकतो. आक्षेप घ्यायला तुम्ही कंपनी किंवा वकील असायची गरज नाही.

पॉलिमरना सोपं का पडतं?

रेणू मोठा असला की आतड्यातून किंवा कातडीतून आत जात नाही, हे तर्कशास्त्र. सरासरी रेणुभार १०,००० किंवा जास्त असेल तर त्यात ५०० च्या खालचे तुकडे २ टक्क्यांपेक्षा कमी आणि १,००० च्या खालचे ५ टक्क्यांपेक्षा कमी हवेत. १,००० ते १०,००० मधल्यांसाठी हेच आकडे १० आणि २५. शिवाय रासायनिक रचनेच्या अटी आहेत. बसलं तर मार्ग छोटा.

पूर्ण बाटलीची टेस्ट होते का, की फक्त सक्रिय घटकाची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

बाजारात जाणाऱ्या पूर्ण मिश्रणावर सहा टेस्ट मागतात, तोंडावाटे, कातडीतून, श्वासातून, डोळ्याची जळजळ, कातडीची जळजळ आणि ॲलर्जी. सगळ्या तातडीच्या परिणामाच्या. लेबलवरचे ‘धोका’, ‘इशारा’, ‘सावधान’ हे शब्द यावरून ठरतात. पण कर्करोग, पुढच्या पिढीवर परिणाम, वाढत्या गर्भावर परिणाम, दीर्घकाळ थोडं थोडं पोटात गेल्याचा परिणाम, या लांबच्या टेस्ट शुद्ध सक्रिय घटकावर होतात. इनर्टचं मूल्यमापन त्याचं त्याचं वेगळं. दोन्ही एकत्र वर्षानुवर्षं अंगात गेले तर काय, हे मिश्रणावर सहसा तपासलं जात नाही. इपीएचं म्हणणं असं की प्रत्येक तुकडा सुरक्षित पातळीत असला की एकत्रही चालतं, आणि बहुतेक पदार्थांसाठी ते खरंही असेल. पण इनर्ट औषधात घालतातच मुळी सक्रिय घटकाचं वागणं बदलायला, जास्त आत जावा, जास्त चिकटावा, जास्त टिकावा म्हणून. मग जो बदल पानावर हवाय म्हणून पैसे मोजून केला तो अंगावर होणार नाही असं आधीच धरून कसं चालेल?

ग्लायफोसेट या तणनाशकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. त्याच्या जुन्या फॉर्म्युल्यात पोईए नावाचा सरफॅक्टंट असायचा, प्राण्यांच्या चरबीपासून बनणाऱ्या अमाइनचा. मासे आणि बेडकांची पिल्लं यांच्यासाठी पोईए हा ग्लायफोसेटपेक्षाच जास्त विषारी आहे. म्हणूनच पाण्यातल्या तणासाठी जी ग्लायफोसेटची औषधं निघाली ती पोईएशिवाय. म्हणजे एकाच सक्रिय घटकाच्या दोन बाटल्या, एक तळ्यात चालते, एक चालत नाही, आणि फरक सगळा ‘इतर घटकां’चा. युरोपने ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लायफोसेटबरोबर हा सरफॅक्टंट वापरायला बंदीच घातली. पुढे २०२१ मध्ये त्यांनी न चालणाऱ्या १४४ सहघटकांची यादी छापली, सहघटक हा त्यांचा शब्द, आणि ‘इनर्ट’पेक्षा तो मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

पीफास पण इनर्टमध्ये होते का?

होते. पीफास म्हणजे फ्लोरिन असलेली, निसर्गात सहज न मोडणारी रसायनं. डिसेंबर २०२२ मध्ये इपीएने मंजूर इनर्टच्या यादीतून १२ पीफास काढले, तेव्हा ते कुठल्या औषधात वापरात नव्हते. वेगळा धागा म्हणजे डबे: फ्लोरिन लावून मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून पीफास औषधात उतरतात असं दिसलंय. तो इनर्ट नाही, कारण मुद्दाम घातलेला नाही, तो अशुद्धी. तसंच इथॉक्सिलेटेड सरफॅक्टंटमध्ये बनवतानाच राहणारं १,४-डायऑक्सेन. व्याख्येत ‘मुद्दाम घातलेलं’ हे शब्द आहेत म्हणून हे सगळं दुसऱ्या बाजूला जातं.

औषध पानावर चिकटावं, पसरावं म्हणून टाकीत वेगळं स्टिकर-स्प्रेडर घालतो, त्याला हेच नियम का?

पूर्ण नाही. वेगळं विकलेलं स्टिकर फिफ्राखाली कीटकनाशक धरत नाहीत, म्हणून संघराज्य पातळीवर नोंदणी नाही. पिकावर वापरायचं तर त्यातल्या घटकांना टॉलरन्स किंवा सूट लागतेच. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन ही राज्यं मात्र स्वतःहून त्यांची नोंदणी करतात.

फवारणाऱ्या मजुराचा विचार यात कुठे येतो?

१९९६ च्या कायद्यातल्या त्या एकत्रित हिशोबात अन्न, पाणी, घर येतं, कामावरचा संपर्क येत नाही. मजुराचा धोका फिफ्राखाली वेगळा बघतात आणि तिथे फायदा-तोटा तोलला जातो, म्हणजे निकष मुळातच मऊ. जो माणूस औषध सगळ्यात जास्त अंगावर घेतो, जो मेंढ्या हौदात बुडवताना कोपरापर्यंत भिजतो, त्याच्यासाठी निकष कमी कडक, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

अंगावर सांडलं, किंवा जनावर थरथरायला लागलं, तर आत काय आहे ते कसं कळेल?

बाटली किंवा लेबल सोबत न्या, फोटो चालेल. लेबलवर इमर्जन्सी नंबर असेल तर डॉक्टरांनी किंवा व्हेटनी त्यावर फोन करावा, उपचारासाठी विचारतोय म्हटलं की कंपन्या सहसा डॉक्टरला आतली माहिती देतात. सेफ्टी डेटा शीटही मागवा. त्यात कामगार सुरक्षेच्या नियमांमुळे धोकादायक इनर्टची नावं बऱ्याचदा दिलेली असतात, लेबलवर नसली तरी. विषबाधा केंद्राला फोन करतानाही नोंदणी क्रमांक वाचून दाखवा, नुसतं ब्रँडचं नाव नको, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे फॉर्म्युले असतात.

एखादा इनर्ट मंजूर आहे का ते मला स्वतः बघता येईल का?

येईल. इपीएचं ‘इनर्ट फाइंडर’ नावाचं शोधायचं साधन आहे, त्यात रसायनाचं नाव किंवा सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा वेगळा ओळख क्रमांक) टाका, तो अन्न वापराला चालतो, बिगर-अन्न वापराला, की फक्त सुगंधासाठी, ते दिसतं आणि कुठल्या पोटभागात आहे तेही. नावापेक्षा सीएएस नंबर घ्या, कारण एकाच सरफॅक्टंटची दहा व्यापारी नावं असतात. मग त्या पोटभागाची नोंद उघडून अटीचा रकाना शेवटपर्यंत वाचा. उलट मात्र जमत नाही: बाटली हातात घेऊन तिच्यात कोणते इनर्ट आहेत ते तिथे शोधता येत नाही.